पान कुठून पिवळं पडलं?

टोमॅटोची पानं पिवळी पडायला लागली की गच्चीवर बाग करणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘काय मारू?’ बेंगळुरूच्या कुठल्याही नर्सरीत सुट्टीच्या सकाळी जा, हा प्रश्न चार भाषांत ऐकू येईल. नर्सरीवाला एखादी बाटली काढून देतो, घरी आल्यावर फवारणी होते, सोबत थोडं खतही पडतं आणि पंधरवड्यात झाड वाळून जातं. मग ‘बेंगळुरूच्या हवेत टोमॅटो येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. देशातल्या मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी एक, कोलार, इथून सत्तरएक किलोमीटरवर आहे आणि १९६७ मध्ये स्थापन झालेली भारतीय बागवानी संशोधन संस्था याच शहराच्या वेशीवर, हेसरघट्ट्याला, टोमॅटोचे वाण तयार करते आहे.

पिवळेपणा हे रोगाचं नाव नाही. भूक, जास्त पाणी, बुरशी, विषाणू, कीड, कुजलेलं मूळ यांपैकी काहीही झालं तरी पानातलं हरितद्रव्य जातं आणि पान पिवळं दिसतं. म्हणून रंगावरून काही ठरत नाही. ठरतं ते तीन गोष्टींवरून: पिवळेपणा झाडाच्या कुठल्या भागातून सुरू झाला, पानावर तो कसा पसरला आणि किती दिवसांत वाढला. बाटली उघडण्याआधी एवढं पाहायला पाच मिनिटं पुरतात.

सुरुवात खालच्या पानांपासून करू, कारण बहुतेक तक्रारी तिथल्याच असतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानाकडे पाठवता येतात. टंचाई आली की घरातली मोठी माणसं स्वतः कमी जेवून पोरांच्या ताटात आधी वाढतात, तसं झाड जुन्या पानांतलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडून त्यातलं नत्र शेंड्याकडे पाठवतं. त्यामुळे नत्र कमी पडलं की सगळ्यात खालचं पान आधी आणि सगळीकडून सारखं पिवळं होतं. त्यावर ठिपके नसतात, शिराही वेगळ्या उठून दिसत नाहीत. नुसता फिका पिवळा रंग खालून वर चढत जातो आणि झाड बारीक राहतं. मॅग्नेशियम कमी असेल तर पान जुनंच पिवळं पडतं, पण शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी होते, जणू हिरव्या दोऱ्याने विणलेली जाळी. पालाश कमी असेल तर जुन्या पानाच्या कडा आधी पिवळ्या आणि मग करपल्यासारख्या तपकिरी होतात.

लोह, गंधक, कॅल्शियम, बोरॉन यांचा कारभार वेगळा. ती एकदा पानात गेली की सहसा तिथेच राहतात, झाडाला त्यांची नीट ने-आण करता येत नाही. म्हणून ती कमी पडली की शेंड्याचं कोवळं पान बिघडतं आणि खालची जुनी पानं हिरवीगार राहतात. लोहाची कमतरता ओळखायला सगळ्यात सोपी. शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी, कधी जवळजवळ पांढरी होतात आणि त्यांत बारीक शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात.

आता कोणी म्हणेल, बेंगळुरूची माती तर लाल, लोहाने भरलेली. तिथे लोह कमी कसं पडेल? जमिनीत लावलेल्या झाडाला ते सहसा पडतही नाही. ही माती थोडी आम्लधर्मी असते आणि आम्लधर्मी मातीत लोह विरघळतं. कुंडीतली गोष्ट निराळी. कावेरीचं पाणी नसलेल्या वस्त्यांत झाडांना बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिळतं आणि टँकरचं पाणीही बहुतेक कुठल्यातरी बोअरचंच असतं. त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतात. नळाच्या तोंडाला, बादलीच्या काठाला पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. हे पाणी महिनोन्‌महिने कुंडीत पडत राहिलं की मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अशा वेळी आणखी खत घालण्यात अर्थ नाही. चिलेटेड लोहाची फवारणी आठवडाभरात फरक दाखवते. नवीन येणारं पान हिरवं निघालं तर निदान बरोबर. जुनं पिवळं पान पूर्ववत होईल अशी आशा धरू नये. कायमचा उपाय म्हणजे पावसाचं पाणी. २००९ पासून या शहरात मोठ्या प्लॉटवरच्या घरांना पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं बंधनकारक आहे. त्यातलं पिंपभर पाणी कुंड्यांसाठी बाजूला काढलं तरी सामू बराच आटोक्यात राहतो.

नत्राची टंचाई मात्र अनेकदा आपणच तयार करतो. नर्सरीतून लाल माती, कोकोपीट आणि ‘सगणी गोब्बर’, म्हणजे शेणखत, आणून मिश्रण करतात. त्यात घरच्या खतटोपलीतलं अर्धवट कुजलेलं खत किंवा रस्त्याकडेच्या रेनट्री-सोनमोहराचा पालापाचोळा मिसळतात. पाला पूर्ण कुजलेला नसेल तर त्याला कुजवणारे सूक्ष्मजीव स्वतःसाठी मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. खत ओळखता न येणारं, काळं, भुसभुशीत झालं असेल आणि त्याला पावसात भिजलेल्या मातीचा वास येत असेल तरच वापरावं. पानांचे तुकडे दिसत असतील, आत हात घातल्यावर गरम लागत असेल, तर त्याला अजून महिनाभर तरी राहू द्यावं. उपाशी झाडाला पाण्यात भिजवलेल्या शेंगदाणा पेंडीचं पातळ पाणी आठवड्याने एकदा द्यावं. मॅग्नेशियमसाठी एक लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट घालून पानांवर फवारावं.

एक पिवळेपणा निव्वळ वयाचा असतो. पहिल्या घोसातली फळं रंगायला लागली की सगळ्यात खालची दोन-तीन पानं पिवळी होऊन गळतात. त्यांचं काम झालेलं असतं. वरचं झाड तजेलदार असेल तर ती कात्रीने काढून टाकावीत आणि विषय सोडून द्यावा.

कुंडीतल्या टोमॅटोच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते जास्त पाणी हेच आहे आणि तेच सगळ्यात कमी ओळखलं जातं. कोकोपीट वरून कोरडं, फिकं दिसतं, पण खाली ओलंचिंब असतं. पाणी भरलेल्या मातीत हवा उरत नाही, मुळांना श्वास घेता येत नाही, ती कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी उचलू शकत नाही. परिणामी ओल्या कुंडीतलं झाड तहानलेल्या झाडासारखं मान टाकतं. पाहणारा आणखी पाणी ओततो. खालची पानं पिवळी पडतात, देठाशी मऊ होतात, फुलं गळतात. इथे अंदाज करत बसायचं कारणच नाही. मधलं बोट दोन पेरं मातीत घालावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. शंका उरली तर कुंडीची बाजू थोपटून मातीचा गोळा सैल करावा आणि तिरपा काढून मुळं पाहावीत. निरोगी मूळ पांढरं, ताणल्यावर न तुटणारं असतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं, बोटांत चोळल्यावर त्याची साल मोज्यासारखी निघून येते आणि त्याला गटारासारखी घाण येते. बेंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबर हे भर पावसाचे महिने असतात, तेव्हा कुंड्यांखालच्या बश्या काढून ठेवाव्यात आणि तळाची भोकं मोकळी आहेत ना ते बघावं.

पानावर ठिपके असतील तर प्रकरण बुरशीकडे जातं. लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया बुरशीचा, खालच्या पानांवर सुरू होतो, कारण पावसाचे किंवा पाइपाचे शिंतोडे मातीवरून उडून आधी त्यांच्यावरच बसतात. तपकिरी डागात एकात एक वर्तुळं दिसतात आणि डागाभोवती पिवळी कडा असते. ती वर्तुळं दिसली की दुसरा पुरावा लागत नाही. सेप्टोरियाचे ठिपके फार लहान, कडेला गडद आणि मध्ये राखाडी असतात. ते शेकड्यांनी येतात. दोन्हींवर उपाय सारखाच: डागाळलेली खालची पानं कोरड्या दिवशी कापून कचऱ्यात टाकायची, मातीवर वाळलेल्या गवताचं आच्छादन घालायचं, पाणी बुंध्याशी आणि सकाळी द्यायचं, झाड काठीला बांधून खालचा वीतभर भाग मोकळा ठेवायचा. एवढ्यावर भागलं नाही तरच मोरचूद आणि कळीचा चुना प्रत्येकी दहा ग्रॅम, एक लिटर पाण्यात, असं एक टक्का बोर्डो मिश्रण फवारायचं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत आणि मिश्रण त्याच दिवशी वापरावं.

उशिरा येणारा करपा मात्र सवड देत नाही. हा फायटोफ्थोरा, १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणणारा. दक्षिण भारतात २००९-१० च्या सुमारास टोमॅटोवर त्याचे मोठे तडाखे बसले आणि हेसरघट्ट्याच्या शास्त्रज्ञांना युरोपात आधी पसरलेला त्याचा एक आक्रमक वंश इथल्या शेतांत सापडला. ढगाळ हवा, रिमझिम, थंड रात्री: बेंगळुरूचा पावसाळ्याचा शेवट त्याला अगदी मानवतो. पानावर पाणी सांडल्यासारखा हिरवट-काळा, तेलकट डाग पडतो. त्यात वर्तुळं नसतात आणि तो खालच्या पानापासूनच सुरू होईल असंही नाही. भल्या पहाटे पान उलटून पाहिलं तर डागाच्या कडेला पांढरी लव दिसते. दिसली नाही तर ते पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवावं. सकाळी लव उगवलेली असते. खोडावर काळे पट्टे आले, की चार-सहा दिवसांत झाड उकळतं पाणी ओतल्यासारखं होतं. असं झाड त्याच दिवशी उपटून पिशवीत बांधून बाहेर काढावं. शेजारच्या झाडांसाठी आधी तेवढं तरी करावं.

आता बेंगळुरूच्या टोमॅटोचा खरा शत्रू. त्याच्या एका विषाणूला शास्त्रात या शहराचंच नाव आहे, ‘टोमॅटो लीफ कर्ल बॅंगलोर व्हायरस’. आपले शेतकरी या रोगाला बोकड्या म्हणतात. शेंड्याची पानं बारीक राहतात, वाटीसारखी वर वळतात, कडांना आणि शिरांमध्ये पिवळी पडतात, पेरं आखूड होतात, झाड खुजं झुडूप होऊन बसतं. लोहाच्या कमतरतेतही शेंडा पिवळा असतो, पण तिथे पान सपाट राहतं. वळलेलं, सुरकुतलेलं, लहान झालेलं पान दिसलं की विषाणूचाच संशय घ्यावा.

हा विषाणू बियांतून किंवा हात लागून येत नाही, त्याला पांढरी माशी आणते. ती जेमतेम मिलिमीटरभर असते. झाड हलवलं की पीठ उडाल्यासारखा ढग उठतो आणि क्षणात परत पानाखाली बसतो. आजारी झाडाचा रस पिताना विषाणू माशीच्या अंगात जातो, तिच्या आतड्यातून लाळेपर्यंत पोचतो आणि मग ती ज्या झाडावर बसेल तिथे उतरतो. एकदा विषाणू घेतलेली माशी बरेच दिवस तो पसरवत राहते. १९९९ मध्ये कोलारला या माशीचा ‘बी बायोटाइप’ हा परदेशी प्रकार भारतात पहिल्यांदा नोंदला गेला. टोमॅटोवर तो देशी माशीपेक्षा जास्त जोमाने वाढतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंतच्या कोरड्या उन्हात माश्या बेसुमार होतात, म्हणून उन्हाळी टोमॅटोत बोकड्या सगळ्यात जास्त. शेजारचा रिकामा प्लॉटही पाहायला हवा. त्यावर माजलेलं गाजरगवत या विषाणूला आसरा देतं. टोमॅटो नसतानाही तो तिथे टिकून राहतो.

लागण झालेल्या झाडाला औषध नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण लोक महिना-महिना त्यावर कसलं कसलं पाणी फवारत बसतात. लावणीनंतर पहिल्या महिन्यात बोकड्या आला तर त्या झाडाकडून फळाची आशा सोडावी. उलट ते उभं राहिलं तर बाकीच्या झाडांना त्याच्यापासून धोका. आधी कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घोटून फवारावं, म्हणजे माश्या उडून दुसरीकडे जाणार नाहीत, आणि मग झाड उपटावं. फळं धरल्यावर उशिरा लागण झाली असेल तर मात्र झाड ठेवायला हरकत नाही, आहेत ती फळं पिकतात. खरा बचाव रोपवाटिकेत आहे. रोपं पहिले पंचवीस-तीस दिवस बारीक नायलॉन जाळीखाली वाढवावीत. मच्छरदाणीची भोकं माशीला मोठी पडतात, त्यासाठी चाळीस-पन्नास मेशची जाळी लागते. जाळी रोपाला टेकू देऊ नये, नाहीतर माशी बाहेर बसूनही सोंड खुपसते.

विषाणूचं निदान नुसत्या डोळ्यांनी किती अवघड असतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांत टोमॅटोची फळं पिवळ्या-हिरव्या-लाल छटांची निघू लागली, एकसारखी पिकेनात. गावोगाव ‘तिरंगा व्हायरस’ हे नाव झालं आणि बियाण्यापासून हवामानापर्यंत सगळ्यांवर दोष आला. नमुने तपासणीसाठी याच हेसरघट्ट्याला आले. प्रयोगशाळेत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. तो माव्यातून पसरतो. पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करून तो थांबला नसता. परसात मोझॅक ओळखायचा तर पानावर गडद आणि फिक्या हिरव्याचे चट्टे पाहावेत आणि पान अरुंद, दोरीसारखं होतंय का ते बघावं.

फुलकिड्यांमुळे येणारा शेंडेमर विषाणूही इथे भेटतो. शेंड्याची पानं तांबूस-जांभळट होतात, त्यांवर करपलेले ठिपके-वर्तुळं येतात, मग शेंडाच काळा पडून मरतो. त्याचाही निकाल उपटूनच. मार्च-एप्रिलच्या उन्हात पानावर बारीक पिवळे टिपके दिसले तर पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकवावं. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली तर ते कोळी आहेत. पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून दोन-तीन दिवसांआड मारला की ते बहुतेक आटोक्यात येतात. पानात पारदर्शक फुगवटे आणि त्यांत काळी विष्ठा दिसली तर ती टुटा अळी. २०१४ मध्ये ती महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सापडली तेव्हापासून मुक्कामालाच आहे. ती पानं चुरगाळून टाकावीत.

आता शेवटचा प्रकार, ज्यात पान पिवळं न पडताच झाड जातं. काल ठणठणीत होतं, आज दुपारी हिरवंच्या हिरवं मान टाकून उभं आहे, माती ओली आहे, संध्याकाळी थोडं सावरतं आणि दोन-तीन दिवसांत कायमचं झोपतं. ही जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया. खात्री घरच्या घरी करता येते. बुंध्याजवळचं बोटभर खोड धारदार सुरीने कापावं, स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात त्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं धरावं आणि हात न हलवता पाहत राहावं. मर असेल तर दोन-चार मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ पांढरे धागे सरळ खाली उतरायला लागतात. ते जिवाणूंचे लोंढे असतात, त्यांनीच खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवलेल्या असतात. धागे आले नाहीत, खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या आणि आधी झाडाच्या एकाच बाजूची पानं पिवळी पडली असतील, तर ती फ्युजॅरियम बुरशीची मर. आणि दोन्ही नसेल तर मुळं धुऊन पाहावीत. मणी ओवल्यासारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. लाल रेताड मातीत ते नेहमीचेच. झाड उपाशी असल्यासारखं पिवळट राहतं, दुपारी कोमेजतं आणि कितीही खत घाला, उठत नाही.

या तिन्हींत रोग मातीत असतो, म्हणून झाड उपटून काम संपत नाही. ती माती दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नये, खुरपं आणि कात्री धुऊन घ्यावीत, त्या जागी वांगी, मिरची, बटाटा लावू नये. दोन-तीन हंगाम मका, पालेभाजी किंवा झेंडू लावावा. कुंडीतली माती मार्च-एप्रिलमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे उन्हात तापवली तर पुष्कळ सुधारते. ज्यांच्या अंगणात मर एकदा येऊन गेली आहे त्यांनी पुढचं रोप निवडतानाच विचार करावा. हेसरघट्ट्याचा ‘अर्का रक्षक’ बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देतो. ‘अर्का अभेद’ त्यांत उशिरा येणारा करपाही जोडतो. बोकड्याचाच त्रास असेल तर बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने काढलेले नंदी, संक्रांती, वैभव हे वाण आहेत. प्रतिकारक वाणाला रोग कमी होतो, अजिबात होत नाही असं नाही. जाळी आणि आच्छादन तरीही हवंच.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही आणि हेसरघट्ट्याला किंवा कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात तज्ज्ञाकडे जायचं ठरवलं तर वाळलेलं एक पान नेऊ नये. त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. आजार नुकताच सुरू झालेलं अख्खं झाड मुळांसकट, मुळांना चिकटलेल्या मातीसह काढावं आणि वर्तमानपत्रात गुंडाळावं. प्लास्टिकमध्ये ते वाटेतच कुजतं. सोबत पाणी कुठलं, खत कधी दिलं, काय फवारलं, पहिलं पान कधी आणि कुठलं पिवळं पडलं, हे कागदावर लिहून न्यावं.